चिऱ्याच्या भिंती, मेश वायफाय आणि पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर: एका टिपणाला उत्तर

चिरेबंदी, फोंडा

काल येथे एका सदस्याने लिहिले की पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर (घरातल्या विजेच्या तारांवरूनच इंटरनेट नेणारे, सॉकेटात लावायचे डबे) ही निव्वळ फसवणूक आहे, विजेच्या तारा डेटासाठी नसतातच, आणि ज्याला घरभर इंटरनेट हवे असेल त्याने मेश वायफायचा संच (खोल्याखोल्यांत ठेवलेले, एकमेकांना सिग्नल पुढे देणारे वायफायचे डबे) घेऊन मोकळे व्हावे. त्या टिपणाखाली होकारांची रांग लागलेली पाहून मला गप्प बसवले नाही.

ज्यांचे बिऱ्हाड पर्वरीच्या किंवा ताळगावच्या नव्या इमारतीत आहे, त्यांना मेश पुरते, हे मान्य. पण गोव्यातली पुष्कळ जुनी घरे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची आहेत. मधे राजांगण (आतले मोकळे अंगण), भोवती हातभर जाडीच्या भिंती, माडीवर जाणारा जिना भिंतीच्याच पोटातून. मृगाच्या पहिल्या सरींनंतर चिरा पाणी पितो आणि दिवाळीपर्यंत ते सोडत नाही. अशा ओल्या भिंतीपाशी 5 गिगाहर्ट्झची वायफाय लहर संपते; 2.4 ची पलीकडे पोचते, पण वेग अलीकडेच ठेवून. मेशचे डबेही एकमेकांशी सहसा हवेतूनच बोलतात. जी भिंत फोनचा सिग्नल खाते ती डब्याचा सोडून देईल, असे मानायला आधार काय?

दुसरा मुद्दा, विजेच्या तारा डेटासाठी नसतात हा. होमप्लग एव्ही हे पॉवरलाइनचे तंत्र 2005 मध्ये आले, आयट्रिपलई 1901 हे मानक 2010 मध्ये निघाले आणि 2012 च्या एव्ही2 ने फेज-न्यूट्रलच्या जोडीला अर्थची (जमिनीला जोडलेली) तारही वापरात घेतली. सीसीएस या प्रकारच्या जोडणीच्या चार्जरशी विजेची मोटार ज्या पद्धतीने बोलते, ती होमप्लग ग्रीनफाय याच कुळातली आहे. माझ्या घरी राउटर खाली वसरीत (ओसरीत) आहे आणि माडीवर भाचीचे ऑनलाइन वर्ग अ‍ॅडॉप्टरवर चालतात. खोक्यावर 1000 मेगाबिट छापले आहे आणि मला शंभराच्या आतबाहेर मिळतात. पण जे मिळतात ते आषाढातही मिळतात. ज्या खोलीत पूर्वी काहीच पोचत नव्हते, तिथे याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे आहे.

केबलकर, म्हापसा

आपण मेशवाल्यांची चूक दाखवलीत आणि स्वतः तिच्याच शेजारी जाऊन बसलात. घरात तार न्यायची तयारी असेल तर डेटाचीच तार न्यावी. कॅट 6 केबल 100 मीटरपर्यंत एक गिगाबिट देते, दोन्ही दिशांनी एकाच वेळी देते, आणि शेजारच्या खोलीत मिक्सर सुरू झाला म्हणून ती दबत नाही. पॉवरलाइनवर सगळे अ‍ॅडॉप्टर एकाच तारेवर पाळीपाळीने बोलतात, त्यामुळे तिसरा लावला की पहिल्या दोघांचा वाटा घटतो.

खोक्यावरच्या आकड्याबद्दल आपण फार सौम्य लिहिलेत. 600 छापलेल्या कित्येक अ‍ॅडॉप्टरांचे लॅन पोर्ट (केबल लावायचे तोंड) 100 चेच असते. म्हणजे तारेतून काहीही येवो, बाहेर 100 च्या वर निघणारच नाही. ग्राहकाला हे दुकानात कोणी सांगत नाही. मी म्हापशाच्या बाजारात अशी जोडी घेतली, परत करायला गेलो, तेव्हा “तुमचे वायरिंग खराब” एवढेच उत्तर मिळाले. तो राग अजून गेलेला नाही.

आणि मोटारीचे उदाहरण येथे लागू होत नाही. सीसीएसमध्ये ते संभाषण कंट्रोल पायलटच्या स्वतंत्र तारेवर चालते, वीज वाहणाऱ्या तारेवर नव्हे.

चिरेबंदी, फोंडा

मी पद्धत म्हटले होते, तार नव्हे; पुन्हा वाचावे.

केबलचे गुण मला पाठ आहेत. अडचण गुणांची नाही, भोकाची आहे. आमचे घर सामायिक आहे. तीन चुलत्यांची नावे कागदावर आहेत, वाटणी झालेली नाही, एक भाऊबंद पोर्तुगालला आणि एक मुंबईला. माडीच्या भिंतीला ड्रिल लावायचे म्हटले की “घराचे रूप बदलता काय?” असा फोन येतो. चिऱ्यात भोक पाडणे सोपेही नाही. ड्रिल वेडेवाकडे गेले तर पलीकडचा गिलावा ताटाएवढा सुटून पडतो. गोव्यात अशी घरे शेकड्यांनी आहेत, आणि त्यांत राहणाऱ्यांना “केबल ओढा” हा सल्ला म्हणजे सल्ला नव्हेच.

भाडेकरीण, पर्वरी

सामायिक घराचे राहू द्या, भाड्याच्या घराचेही तेच आहे. आमच्या मालकीणबाई गणपतीच्या माटोळीसाठी (मूर्तीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीसाठी) खिळा मारू देत नाहीत, तर केबलची पट्टी कुठून मारू देणार? मी अ‍ॅडॉप्टर वापरते, घर बदलले की काढून नेते. केबलकरांना एवढेच विचारावेसे वाटते की स्वतःचे घर नसलेल्यांचा विचार त्यांनी कधी केला आहे काय.

लघुलहरी, वास्को

आतापर्यंत सर्वांनी आपापल्या घराचा विचार केला, शेजाऱ्याचा कोणीच केला नाही. मी परवानाधारक हौशी रेडिओचालक आहे. पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर साधारण 2 ते 30 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, एव्ही2 तर 86 पर्यंत जाते. घरातल्या वीजतारेवर लहरी अडवणारे धातूचे आच्छादन नसते, त्यामुळे हा सगळा गोंगाट ती अँटेनाप्रमाणे बाहेर टाकते. मानकात हौशी रेडिओच्या पट्ट्यांतला सिग्नल दाबून ठेवण्याची सोय आहे, हे मला माहीत आहे. पण लघुलहरींवरच्या प्रसारण केंद्रांच्या पट्ट्यांना ते संरक्षण नाही, आणि माझ्या शेजाऱ्याने अ‍ॅडॉप्टर लावल्यापासून तिथली दूरची केंद्रे मला ऐकू येत नाहीत. 7 मेगाहर्ट्झवरही दुबळा आवाज बुडतो.

हा केवळ छंदाचा प्रश्न नाही. 2004 च्या त्सुनामीत अंदमानात फोन बंद पडले, तेव्हा तिथून बाहेर निरोप पोचवण्याच्या कामात हौशी रेडिओचालक होते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तरी हे विसरू नये.

चिरेबंदी, फोंडा

आपल्या कामाबद्दल आदर आहे. परंतु एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, फोनचे चार्जर, सौर इन्व्हर्टर हे सगळे त्याच पट्ट्यात गोंगाट करतात आणि त्यांना दाबण्याची सोयही बहुधा नसते. बोट मात्र अ‍ॅडॉप्टरकडेच का?

लघुलहरी, वास्को

कारण चार्जरचा गोंगाट हा दोष असतो आणि तो दुरुस्त करता येतो. अ‍ॅडॉप्टरचे ते कामच आहे.

वायरमन, डिचोली

माझा धंदाच वायरिंगचा आहे, म्हणून मधे बोलतो. येथे अ‍ॅडॉप्टर चांगला की वाईट यावर भांडण चालले आहे, पण तुमच्या बोर्डामागे काय आहे हे कोणी विचारले नाही. साखळी, डिचोली, वाळपई या बाजूच्या जुन्या घरांत मी लाकडी पट्टीवरचे वायरिंग अजून पाहतो. त्यात दोनच तारा असतात, अर्थ नसतोच. नंतर कोणीतरी तीन पिनांचे सॉकेट बसवलेले असते, तिसरे भोक रिकामे. चिरेबंदी साहेबांनी एव्ही2 अर्थची तार वापरते असे मोठ्या कौतुकाने लिहिले. त्या घरात अर्थ आहे का, हे त्यांनी तपासले आहे का?

तीन फेजचे कनेक्शन असेल तर आणखी एक गोष्ट. वसरी लाल फेजवर आणि माडी निळ्यावर असली, तर सिग्नलला एका फेजवरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते आणि तिथे तो दुबळा होतो. पुष्कळांच्या “चालत नाही” या तक्रारीचे मूळ हेच असते. आणि अ‍ॅडॉप्टर सरळ भिंतीच्या सॉकेटात लावावा. सर्ज गार्ड असलेल्या एक्स्टेन्शनमध्ये लावला तर त्यातला फिल्टर सिग्नललाच गोंगाट समजून गाळतो.

केबलकर, म्हापसा

म्हणजे आधी वायरिंग तपासा, मग फेज जुळवा, मग सॉकेट मोकळे करा. एवढे करण्यापेक्षा एक केबल ओढणे सोपे, हेच मी म्हणत होतो.

चिरेबंदी, फोंडा

वायरमन साहेब, आमच्या घरात अर्थ आहे. वडिलांनी परसात कोळसा आणि मीठ घालून खड्डा करून घेतला होता, तो आजही आहे.

वायरमन, डिचोली

खड्डा आहे म्हणजे अर्थ आहे असे नव्हे. त्यात पाणी कोण घालते? आपली तांबडी माती एप्रिल-मेमध्ये दगडासारखी सुकते, तिचा रोध चढतो, आणि मिठाने लोखंडी पट्टी कुजते. कित्येक घरांत वर तार दिसते आणि खाली पट्टी गंजून तुटलेली असते. अर्थ टेस्टर लावून मोजल्याशिवाय मी कोणाचेही “आहे” मानत नाही. आयएस 3043 या भारतीय मानकात अर्थिंगची रीत लिहिलेली आहे. ती कपाटात ठेवण्यासाठी नाही.

याहून भयंकर प्रकार सांगतो. काही कारागीर अर्थ नसलेल्या सॉकेटात न्यूट्रलचीच तार वाकवून अर्थच्या पिनेला जोडतात. टेस्टरचा दिवा नीट दिसतो, घरमालक खूश होतो. पुढे कधी न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या अंगावर थेट 230 व्होल्ट येतात. पावसात ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईने त्याला हात लावला तर काय होईल, हे सांगायला नको.

भाडेकरीण, पर्वरी

हे वाचून अंगावर काटा आला, कारण माझ्या आईला असाच झटका बसला होता. वॉशिंग मशीन नवे होते, म्हणून आम्ही मशीनलाच दोष देत राहिलो. शेवटी दुसऱ्या वायरमनने सॉकेट उघडले, तेव्हा आत हाच जोड निघाला. आधीच्या माणसाने पूर्ण घराचे पैसे घेतले होते. ज्यांना आपण जीव सोपवून घरात घेतो, त्यांच्या कामाची तपासणी नंतर कोणीच का करत नाही?

केबलकर, म्हापसा

आपल्या आईंना सोसावे लागले त्याचे वाईट वाटते. पण आता धागा इंटरनेटवरून अर्थिंगवर गेला आहे. वायरमन साहेबांनी वेगळा धागा काढावा.

वायरमन, डिचोली

वेगळा का काढू? ज्या तारेवरून तुम्ही डेटा पाठवायचा की नाही हे ठरवत आहात, तीच ही तार. अ‍ॅडॉप्टरचा वेग पडला म्हणून मला बोलावले आणि सॉकेटात जळका न्यूट्रल सापडला, असे घडलेले आहे. सैल जोडावर ठिणग्या उडतात, त्या सिग्नलमध्ये गोंगाट म्हणून दिसतात. लोकांना पंचवीस वर्षे वायरिंग बघायला वेळ नसतो, इंटरनेट मंद झाले की मात्र लगेच फोन येतो. मग मी त्या निमित्ताने बोर्ड उघडणार नाही तर कधी उघडणार?

लघुलहरी, वास्को

या एका मुद्द्यावर मी वायरमन साहेबांच्या बाजूने आहे. सैल जोडाचा गोंगाट माझ्या रिसीव्हरवरही येतो, आणि तो ऐकून मी शेजाऱ्यांना सावध केलेले आहे.

चिरेबंदी, फोंडा

खड्डा मोजून घेईन. परंतु त्यावरून पॉवरलाइन वाईट ठरत नाही. वाईट वायरिंग वाईट ठरते. अर्थ नसेल तर एव्ही2 फेज-न्यूट्रलवरच चालेल, वेग कमी मिळेल इतकेच. दोन तारांच्या घरातही मेशपेक्षा ते उजवे ठरू शकते, हे माझे म्हणणे कायम आहे.

कुळागरवाला, सावईवेरे

सगळ्यांचे वाचून एक विचारतो. घरापासून दूर कुळागरात (पोफळीच्या बागेत) पंपाची खोली आहे, तिथे कॅमेरा लावायचा आहे. वीज घरातूनच गेली आहे. अ‍ॅडॉप्टर चालेल का? आणि वीज गेल्यावर काय? आमच्याकडे पावसात ती सारखीच जाते.

केबलकर, म्हापसा

तेथे अ‍ॅडॉप्टर नको, आणि मी स्वतः सांगतो, तांब्याची केबलही नको. दोन वेगळ्या बांधकामांमध्ये जमिनीचे विद्युत्‌दाब वेगळे असू शकतात, आणि मे महिन्यातल्या गडगडाटात जवळ वीज पडली तर तांब्याच्या तारेतून झटका दोन्ही टोकांची उपकरणे घेऊन जातो. ऑप्टिकल फायबर टाका. काच वीज वाहत नाही. फक्त धातूची तार नसलेले फायबर मागा.

चिरेबंदी साहेबांच्या सामायिक घरात आणि पर्वरीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये अ‍ॅडॉप्टरला पर्याय नाही, हे मी मान्य करतो. इतरांनी त्यावरून सवलत घेऊ नये.

वायरमन, डिचोली

फायबरचे बरोबर आहे. अ‍ॅडॉप्टर लावलात तर पंप सुरू होताच त्याचा स्टार्टर आणि मोटर त्याच तारेवर गोंगाट करतील, आणि चोर नेमका पंप चालू असताना आला तर कॅमेरा काय टिपणार?

वीज जाण्याबद्दल सर्वांनाच सांगतो. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो आणि माडीवरचा अ‍ॅडॉप्टर साध्या सॉकेटात. वीज गेली की राउटर चालू, अ‍ॅडॉप्टर बंद, आणि घरचे म्हणतात इंटरनेट गेले. दोन्ही टोके इन्व्हर्टरच्याच लाइनवर घ्यावीत. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा जुना असेल तर वेग पडू शकतो, साइन वेव्हवर त्रास कमी.

चिरेबंदी, फोंडा

आमच्या माडीचे सॉकेट इन्व्हर्टरवर नाही. ती लाइन ओढायला भिंत फोडावी लागेल काय?

वायरमन, डिचोली

जिन्याकडून जुनी पट्टी गेली असेल तर तिच्याच बाजूने पीव्हीसी केसिंगमधून नेता येईल, भिंतीला स्क्रूपुरतीच भोके पडतील. तेव्हा अर्थची तारही सोबत घ्या. आणि चुलत्यांना आधी फोन करा.