कासव वळून बघत नाही

मुलं आणि जनावर पडद्यावर आणलं की प्रेक्षकाला रडवणं सोपं, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. आमच्या दापोली-हर्णैकडे घरातलं पोर आणि गोठ्यातलं वासरू, दोघांनाही कुणी मत विचारत नाही. वासरू विकायचं मोठे ठरवतात, पोराला संध्याकाळी रिकामं दावं दिसतं. या चित्रपटांची पकड तिथे आहे, गोंडसपणा नंतरचा.

'फ्री विली' (१९९३) घ्या. शेवटी ओर्का (किलर व्हेल) दगडी बांधावरून उडी मारतो नि आपण टाळ्या पिटतो. पण त्यात काम केलेला खरा ओर्का, केइको, २००२ मध्ये खरंच मोकळा झाला, तेव्हा पोहत नॉर्वेला गेला आणि तिथेही माणसांजवळच घुटमळला. २००३ च्या डिसेंबरात मेला. हा भाग पोरांना कोण दाखवणार?

त्यापेक्षा रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दाखवा. कासव वळून बघत नाही, ओळख ठेवत नाही, तरी पोरं बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी ओणवी होऊन बघत राहतात. (मोठ्यांचं लक्ष मात्र मोबाईलमध्ये!) मार्चच्या सुमारास जा, गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते.