होस्टाला पाणी नक्की किती, कधी आणि कसं घालायचं?

बागवेडी_न्यूजर्सी
नमस्कार मंडळी, होस्टा (सावलीत वाढणारं, मोठ्या पानांचं शोभेचं झाड) लावलेलं कोणी आहे का इथे? दोन वर्षांपूर्वी आम्ही एडिसनला घर घेतलं, मागच्या अंगणात एक मोठा मेपल आहे आणि त्याच्या सावलीत आधीच्या मालकांनी लावलेले सात होस्टा. पहिल्या वर्षी काय सुंदर होते. यंदा मात्र जुलै लागल्यापासून पानांच्या कडा तपकिरी होऊन पापडासारख्या कुरकुरीत झाल्यात, वर मधोमध भोकं पण पडतायत. पान दिसायला अळूसारखं, आणि आमच्या गुहागरच्या घरी न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू नुसतं फोफावायचं, म्हणून मी धरून चालले की यालाही भरपूर पाणी लागत असणार. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की दहा मिनिटं स्प्रिंकलर लावते. तरी वाळतायत. पाणी जास्त होतंय की कमी तेच कळेना.

आणि हिवाळ्याचं काय करायचं? मागच्या ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी पडून लोळली तेव्हा मला वाटलं गेली सगळी, पाणी बंदच केलं. एप्रिलमध्ये जमिनीतून जांभळट टोकदार कोंब वर आलेले दिसले तेव्हा मुलीला हाका मारून बाहेर बोलावलं होतं मी. त्यामुळे आता खूप जीव गुंतलाय, प्लीज सांगा.

माती_माणूस
ताई, मी मिशिगनला असतो, अठरा वर्षं होस्टा लावतोय. आधी एक काम करा, खुरपं घ्या आणि झाडापासून वीतभर लांब चार-पाच इंच खणून बघा. माझा अंदाज, वरचा इंचभर ओला आणि खाली कोरडी धूळ निघेल. दहा मिनिटांच्या स्प्रिंकलरने माती फक्त वरवर भिजते, त्यात होस्टाची पानं छत्रीसारखी, पाणी बाहेर ओघळतं आणि गड्डा कोरडा तो कोरडाच. वर मेपल. मेपलची मुळं उथळ आणि केसासारखी दाट असतात, तुम्ही घातलेलं पाणी आधी तो पितो.

ढोबळ हिशोब म्हणजे पाऊस धरून आठवड्याला एक इंच पाणी. तीन फूट पसरलेल्या एका झाडाला एक इंच म्हणजे जवळपास साडेचार गॅलन, दोन गॅलनच्या झारीने दोन खेपा आणि वर थोडं. कडक उन्हाळ्यात नव्वद फॅरनहाइटच्या वर तापमान गेलं आणि वर मेपल असेल तर दीडपट द्या. पण रोज थोडं थोडं नको, आठवड्यातून दोनदा द्या आणि मनसोक्त द्या म्हणजे मुळं खाली जातात. स्प्रिंकलर किती पाणी टाकतो ते बघायला ट्यूना माशाचा रिकामा डबा मध्ये ठेवा, त्यात इंचभर पाणी साठायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा, मग तुम्हालाच कळेल दहा मिनिटांत काय होतं ते.

आणि संध्याकाळचं पाणी आजपासून बंद. भोकं पडतायत ती बिनशंखाच्या गोगलगायींमुळे, त्या रात्री निघतात आणि ओली पानं, ओली जमीन म्हणजे त्यांना आयता रस्ता. शिवाय पानांत शिरणारे सूक्ष्म कृमी असतात, ते पानावरच्या पाण्याच्या थरातूनच पसरतात, ऑगस्टमध्ये शिरांच्या मधोमध तपकिरी पट्टे दिसले तर ते समजा. सकाळी सहा-सातला पाईप बुडाशी ठेवून पाणी द्या, पानं भिजवायची नाहीत. निळ्या जातींच्या पानांवर मेणासारखा थर असतो, त्यामुळेच त्या निळ्या दिसतात, वरून पाण्याचा मारा केला की तोही जातो.

आपल्याकडे शेतकरी वाफसा म्हणतात ना, माती ओली पण हाताला चिकटत नाही, हवा खेळती, तेच होस्टाला हवं. अळूसारखं पाण्यात उभं राहणं याला सोसत नाही, गड्डा कुजतो.

लेस्टरकर
वरचं सगळं बरोबर, मी फक्त कुंड्यांचं सांगते कारण माझे सगळे होस्टा कुंडीतच आहेत. कुंडीला आठवड्याचा हिशोब लागूच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बोट दोन पेरं आत घालून रोज बघायचं, कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घालायचं, आणि ताटलीत साठलेलं ओतून टाकायचं. पाऊस पडला म्हणून गाफील राहू नका, पानं कुंडीच्या बाहेर आलेली असतात त्यामुळे भर पावसातही आतली माती कोरडी राहते, मी स्वतः बघितलंय.

हिवाळ्यात मात्र उलटं. थंडीने होस्टा मरत नाही, ओल्या कुंडीत कुजून मरतो. माझे चार असेच गेले, मार्चमध्ये कुंडी उलटी केली तर गड्डा हातात लिबलिबीत आला, फार वाईट वाटलं होतं. आता पानं गळली की कुंड्या भिंतीलगत वळचणीला आडव्या करून ठेवते आणि कोंब दिसले की परत उभ्या करून पाणी सुरू.

पुण्याची_गच्ची
पुण्यात जगेल का हो हे? फोटो बघून मोह होतोय.

माती_माणूस
पुण्यात नका लावू. मूळचं चीन, जपान, कोरियाकडचं झाड, याला सलग सहा-आठ आठवडे पाच डिग्री सेल्सियसच्या आसपास किंवा त्याखालची थंडी लागते, त्याशिवाय विसावा पूर्ण होत नाही आणि दरवर्षी झाड लहान लहान होत जातं. पुण्यात रात्री गारठा पडला तरी दुपारी ऊन असतंच. गच्चीत सावली असेल तर कॅलेडियम (अळूसारख्या रंगीत पानांचं झाड) लावा.

ताई, हिवाळ्याचं राहिलंच. हळदीसारखं समजा, वर पाला वाळला तरी खाली गड्डा जिवंत आणि पुढच्या वर्षीचे डोळे त्याच्यावर तयार असतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर कोरडे गेले तर पाणी तोडायचं नाही, कमी करायचं, पण जमीन गोठेपर्यंत अधूनमधून द्यायचं. बर्फ पडला की काही नको. वसंतात बहुतेक वेळा पाऊसच पुरतो, फक्त एप्रिल कोरडा गेला तर लक्ष ठेवा, कारण पानं उलगडतात तेव्हा ओल कमी पडली तर त्या वर्षीची पानं लहानच राहतात.

बागवेडी_न्यूजर्सी
आज सकाळी खणलं. दादा, अगदी तुम्ही म्हणालात तसंच, वर इंचभर काळी ओली माती आणि खाली राखेसारखं कोरडं, त्यात मेपलच्या मुळांचं जाळं इतकं दाट की खुरपं अडकलं. ट्यूनाच्या डब्यात दहा मिनिटांत जेमतेम तळ झाकला. सातही झाडांना पाईप बुडाशी ठेवून सावकाश पाणी दिलं, पाऊण तास लागला. आता विचारायचं होतं, पालापाचोळा पसरू का वर? आणि तपकिरी पानं कापू का?

माती_माणूस
पसरा, दोन इंच, पण गड्ड्याच्या अंगाला लावू नका, चार बोटं जागा मोकळी सोडा. कडा वाळलेली पानं राहू द्या, हिरवा भाग अजून गड्ड्याला पोसतोय. जी पूर्ण वाळलीत तेवढीच काढा, आणि दर झाडानंतर कात्री स्वच्छ करा, होस्टाचा एक विषाणू रसातून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो.