घोड्याची चाचणी मर्यादेबाहेर : विश्वास कुणावर ठेवू?

मंडळी, जरा वेगळ्याच विषयात मदत हवी आहे.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. ऑफिसातल्या मित्राच्या नादाने हार्नेस रेसिंगच्या एका घोड्यात 5 टक्के हिस्सा घेतला. (घोड्यामागे सल्की नावाची हलकी दुचाकी, तिच्यावर ड्रायव्हर. घोड्याने चौखूर उधळायचं नाही, ठरलेल्या चालीतच पळायचं. आई फोनवर म्हणाली, "म्हणजे शंकरपटच की!")

गेल्या महिन्यात शर्यतीआधी घेतलेल्या रक्तात टीसीओटू (रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड, मिलिमोल प्रति लिटरमध्ये) 37.8 निघाला. मर्यादा 37, लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) दिलेल्या घोड्याला 39. आमच्या घोड्याला लॅसिक्स नव्हतं. आकडा वाढला की 'मिल्कशेक'चा संशय येतो : नाकातून नळी घालून खायच्या सोड्याचं पाणी पोटात सोडतात, म्हणजे पळताना स्नायूंत साचणारं आम्ल मारलं जातं. ट्रेनर म्हणतो, "मी काही केलं नाही. याची पातळी मुळातच जास्त आहे, त्यात प्रवासात पाणी कमी प्यायला."

मला खरंच कळत नाहीये. चाचणी खोटी ठरू शकते का? की ट्रेनर गुंडाळतोय? हिस्सा विकून मोकळा होऊ का?

प्रतिसाद 1
चाचण्यांचं काय सांगता! 2020 साली न्यूयॉर्कच्या फेडरल डोपिंग खटल्यात थरोब्रेडवाले (पाठीवर जॉकी बसवून पळवायच्या घोड्यांचे) आणि हार्नेसवाले दोन्ही अडकले, तेही मुख्यतः फोन टॅपिंगमुळे. त्यातला पशुवैद्य सेथ फिशमन चाचणीत सापडणार नाहीत अशी औषधं विकायचा. 2022 मध्ये 11 वर्षांची शिक्षा झाली. 2020 च्याच शेवटी हिसा हा घोड्यांच्या शर्यतींसाठीचा केंद्रीय कायदा मंजूर झाला, पण थरोब्रेडपुरता. हार्नेस अजून राज्यांच्याच हातात.

प्रतिसाद 2
वरचं खरं आहे, पण ते सुटणाऱ्यांबद्दल. धागाकर्त्याचा प्रश्न उलटा आहे.

टीसीओटूत अनोळखी औषध शोधायचं नसतं, एक आकडा मोजायचा असतो. साधारण घोडा 30 च्या आसपास असतो. नमुना पडून राहिला तर आकडा उतरतो, चढत नाही. त्यामुळे 'उशिरा तपासलं म्हणून वाढला' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. याच कारणाने दुसरा नमुना महिन्याभराने तपासून उपयोग नसतो. पाणी कमी पडल्याने थोडा फरक पडू शकतो, पण इतका? मला शंका आहे.

मुळातच पातळी जास्त असलेला घोडा विरळा, पण असतो. ते सिद्ध करायची वाट अनेक ठिकाणी आहे : घोडा काही दिवस पहाऱ्यात ठेवायचा आणि पुन्हा रक्त काढायचं. ट्रेनरला एवढंच विचारा, तयार आहे का? आणि आधीच्या शर्यतींचे आकडे मागा. हिस्सा विकायचं नंतर बघा.

धागाकर्ता
आभारी आहे. आधीच्या सहा शर्यतींचे आकडे मिळाले, सगळे 29 ते 32. पहाऱ्याचं विचारलं तर ट्रेनर म्हणाला, "खर्च कोण करणार?" आम्ही करतो म्हटलं. त्याला चार दिवस झाले, उत्तर नाही.