संडे स्कूलमध्ये बायबलच्या गोष्टी कशा सांगता? (अनुभव धागा)

दिवेलागण
सुट्टीतल्या बायबल वर्गाचं वेळापत्रक आलं आणि फ्लॅनेलच्या (लवदार कापड लावलेल्या) फळ्यावर चिकटवायची ती चित्रं आठवली. म्हणून धागा. फळा अगदी उभा नको, वरची कड जरा मागे झुकवा. चित्रांच्या पाठीला चारही कोपऱ्यांत पॉलिश पेपरचे तुकडे. एकच तुकडा मध्यभागी लावला की दावीद ऐन गोफण फिरवताना खाली. तुमचं सांगा.

वाळूघड्याळ
४ ते ६ वर्षं: ५ मिनिटं, एकच मुख्य पात्र. ७ ते १०: १०-१२ मिनिटं. त्याहून मोठ्यांना उतारा स्वतः वाचू द्या, तुम्ही फक्त प्रश्न विचारा.
आणि वाचून दाखवू नका हो! बायबल मांडीवर उघडं असू दे, नजर मुलांकडे. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं. बहुतेक जण अडखळतात ते तिथेच, मधलं आपोआप येतं.

गोफण
गल्याथ, म्हणजे दावीद गोफणीने पाडतो तो राक्षस, ६ हात १ वीत उंच, म्हणजे साधारण पावणेदहा फूट. भिंतीवर मापायला गेलात तर छत आडवं येतं. दोरी जमिनीवर पसरा, मुलांना शेजारी झोपवा. दाविदाचे ५ गोटे कागदाच्या बोळ्यांचे. खरे नकोत हे सांगायची गरज नसावी, पण आहे :D

किडामुंगी
बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या हस्तलिखिताच्या गुंडाळीत ४ हात १ वीत आहे बरं का. पावणेसात फूट. तेवढा भिंतीवर मावतो!

गोफण
हे मोठ्या मुलांसाठी राखून ठेवा. छोट्यांना राक्षसच हवा असतो.

तार्शीशचं तिकीट
योनाची गोष्ट (देव निनवे शहरात जा म्हणतो, हा उलट पळतो आणि मासा त्याला गिळतो) सगळे माशापाशीच संपवतात. चौथा अध्याय सोडू नका. तिथे योना देवावर रुसतो, आणि रुसून बसणं मुलांना चांगलं कळतं. पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं, तुम्हीही तिथेच थांबा. ‘म्हणून मुलांनो...’ आलं की चुळबूळ सुरू.
कृती एकच: ‘निनवे’ ऐकलं की पाठ फिरवायची. दोन-तीन खुणा दिल्या तर मुलं गोष्ट सोडून शब्दांवरच टपून बसतात.

पाणपोई
नोहाच्या गोष्टीत (महापूर आणि तारू) ‘बाकीच्या माणसांचं काय झालं?’ येणारच. टाळू नका, रंगवूही नका. ते बुडाले, आणि माणसांचा दुष्टपणा बघून देवाला दुःख झालं होतं, एवढं पुरे. पाणी ओसरलं का बघायला नोहा कबुतर सोडतो, वेळ त्यावर घालवा. आधी रिकामं आलं, ७ दिवसांनी जैतुनाचं पान, आणखी ७ दिवसांनी परतलंच नाही. प्रत्येक वेळी गप्प बसून वर बघायचं. घाईत ही शांतता गेली की गोष्टच गेली.

वाळूघड्याळ
+१. नाताळात मागी लोकांना (बाळ येशूला भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) गोठ्यात नेऊ नका, मत्तय २:११ मध्ये घर आहे. आणि ३ हा आकडा भेटींचा, माणसं किती ते लिहिलेलं नाही.

किडामुंगी
मुकुट तीनच शिवून झालेत, आता शिवणाऱ्या मावशींना कोण सांगणार?

दिवेलागण
मोज्यांच्या बाहुल्या चालतात का?

तार्शीशचं तिकीट
चालतात, पण येशूचे शब्द बाहुलीच्या तोंडी नकोत, हसू होतं. बाहुलीला वेंधळी करा. ती ‘नोहाला माशाने गिळलं’ म्हणते, मुलं ओरडून दुरुस्त करतात. उजळणी तिथेच झाली.

पाणपोई
पॉलिश पेपर कितव्या नंबरचा?

दिवेलागण
८०. बारीक घेतलात तर घसरतो.