आतड्यातील जीवाणू: पूर्वजांचा वारसा की रोजची नवी उत्क्रांती?

धागालेखक:
माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात आणि त्यांतले बहुतांश मोठ्या आतड्यात असतात. हे जीवाणू अन्नपाण्यातून आलेले असून आहार बदलला की तेही बदलतात, एवढेच सहसा सांगितले जाते. मला हे अपुरे वाटते. सस्तन प्राण्यांच्या आतड्यातील निदान काही जीवाणू त्या प्राण्याच्या घराण्याबरोबरच विभागत आले आहेत, असे माझे ठाम मत आहे. २०१६ साली अँड्र्यू मोएलर आणि सहकाऱ्यांनी माणूस, चिंपांझी, बोनोबो आणि गोरिला यांच्या विष्ठेतील जीवाणूंचे एक जनुक ताडून पाहिले. तेव्हा बॅक्टेरॉयडेसी आणि बायफिडोबॅक्टेरिएसी या कुळांमधील वंशवृक्षाच्या फांद्या यजमानांच्या, म्हणजे ज्यांच्या आतड्यात ते राहतात त्या प्राण्यांच्या, वंशवृक्षाशी जुळल्या. माणसाचे आणि चिंपांझीचे जीवाणू सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत, असा अंदाज त्यातून निघाला. दोन वंशवृक्ष असे एकमेकांशी जुळणे केवळ आहाराने साधत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी:
त्याच अभ्यासातील तिसरे कूळ आपण वगळले आहे. लॅक्नोस्पिरेसी कुळाचा वृक्ष यजमानांशी जुळला नाही, तेथे जीवाणूंनी एका प्रजातीतून दुसरीत उड्या घेतल्याचे दिसले. या कुळातील अनेक जीवाणू बीजाणू (कठीण कवचाचे सुप्त रूप) तयार करतात, त्यामुळे ते आतड्याबाहेरही तग धरू शकतात. म्हणजे वारसा हा सर्वांना लागू पडणारा नियम नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेगाचा आहे. पोर्तुगालमध्ये इझाबेल गोर्डो यांच्या गटाने स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक दिलेल्या उंदरांच्या आतड्यात इ. कोलाय हे जीवाणू सोडले, तर अवघ्या काही दिवसांत गॅलॅक्टिटॉल हे शर्करा-अल्कोहोल वापरण्याची क्षमता गमावलेले उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) जीवाणू वरचढ ठरले, आणि तेही एकाच उंदरात एकाच वेळी वेगवेगळ्या उत्परिवर्तनांतून. माणसांबाबत नंदिता गरुड आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या विश्लेषणात सहा महिन्यांच्या अंतराने त्याच वाणात (म्हणजे एका प्रजातीतील उपप्रकारात) थोडेच बदल रुजलेले आढळले. पण बालपणी एकत्र राहिलेल्या प्रौढ जुळ्यांमध्ये मात्र बहुतेक वाण पूर्णपणे वेगळे होते. काही दशकांत वाणच बदलत असेल, तर लाखो वर्षांचा वारसा टिकतो तरी कसा?

पशुवैद्यक:
मी गुरांच्या बाजूने लिहितो. आपल्याकडे चाऱ्यासाठी लावलेल्या सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन हे द्रव्य असते आणि कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात) त्यापासून थायरॉइडला घातक द्रव्य तयार होते. ऑस्ट्रेलियातील जनावरांना त्याचा त्रास होई, हवाईतील जनावरांना मात्र होत नसे. तेथील शेळ्यांच्या कोटीपोटातले जीवाणू १९८०च्या दशकात रेमंड जोन्स यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातील गुरांना दिले आणि त्यांना हा पाला पचू लागला. पुढे या जीवाणूला जोन्स यांचेच नाव मिळाले. शेळीचा जीवाणू गाईत सहज रुजतो, मग प्रजातीची भिंत कुठे राहिली? आमच्या व्यवसायात यजमानाच्या कुळापेक्षा चाऱ्याचे बोलणेच खरे ठरते.

धागालेखक:
पशुवैद्यकांचे उदाहरण मला मोलाचे वाटते, पण तेथे एक जागा रिकामी होती: ते विष फोडणारा कोणीच नव्हता. भरलेल्या आतड्यात पाहुण्याला अशी मोकळी जागा मिळत नाही. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या एकाच प्रजातीचे उंदीर, माणूस, डुक्कर आणि कोंबडी यांतून मिळवलेले वाण येन्स वॉल्टर यांच्या गटाने उंदरांत सोडून पाहिले. मूळचे उंदरांमधले वाणच तेथे पोटाच्या अस्तरावर दाट थर करून टिकले.

वाण बदलण्याबद्दल एवढेच म्हणेन की बदली वाण कोठून आला, हे पाहिले पाहिजे. तो दुसऱ्या माणसाकडून आला असेल, तर तो आईकडून मुलाकडे आला नसला तरी माणसांच्या समाजात वारसा चालूच राहिला. ताइची सुझुकी आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली गॅबॉन, व्हिएतनाम, जर्मनी अशा देशांतील लोकांत नेमके हेच पाहिले आणि अनेक जीवाणू मानवसमूहांबरोबर विभागलेले आढळले.

सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी:
समाजात चालणाऱ्या वारशाचा मुद्दा मी मान्य करते, माझे आधीचे विधान त्या अर्थी फार सरसकट होते. पण रॉयटेरीचे उदाहरण आपल्या बाजूचे नाही. उंदराच्या पोटाशी जुळवून घेणे ही एक गोष्ट आणि उंदराच्या वंशाबरोबर फुटत येणे ही दुसरी. पहिली गोष्ट थोड्या काळात घडू शकते, उसन्या जनुकांनीही घडते. जपानी लोकांच्या आतड्यातील बॅक्टेरॉइड्स प्लेबियसने नोरी शैवाल पचवणारे जनुक समुद्रातील जीवाणूकडून घेतलेले आहे, हे २०१० साली दिसून आले. तेव्हा जुळवून घेतल्याचा पुरावा वंशवृक्षाच्या पुराव्यात मिसळू नये. दोन वृक्ष जुळत असतील आणि फांद्या फुटण्याचा काळही जुळत असेल, तरच मी त्याला वारसा म्हणेन.

धागालेखक:
ही अट योग्य आहे. माणूस आणि वानर यांच्या बाबतीत त्या दोन कुळांनी ती पूर्ण केली आहे, रॉयटेरीने नाही, हे मी मान्य करतो. माझा दावा त्या कुळांपुरता ठेवतो, पण मागे घेत नाही.