यूव्हीचा नमुना मागा आणि पानं बघा
कॅमेरा 'फुल स्पेक्ट्रम' करून घ्यायचा, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशासोबत यूव्ही (अतिनील) आणि इन्फ्रारेड (अवरक्त) किरणंही टिपेल असा, तर "सेन्सरपुढची काच काढून साधी काच बसवायची, मग स्वस्तवाल्याकडून का नको" असं काही जण म्हणतात. इन्फ्रारेडपुरतं मान्य. तिथे जवळपास कुठलीही स्वच्छ काच चालते, फक्त जाडी जुळवावी लागते, नाहीतर फोकस सरकतो. घोडं अडतं ते यूव्हीला. कोटिंगवाली काच असेल तर ४०० नॅनोमीटरच्या खालचं, म्हणजे यूव्हीचं, बरंचसं सेन्सरपर्यंत पोचतच नाही आणि 'फुल स्पेक्ट्रम' नावापुरतं उरतं. तेव्हा काच यूव्ही जाऊ देणाऱ्या क्वार्ट्झची की आणखी कसली, हे आधी विचारा.

दुसरं म्हणजे नमुन्याचे फोटो. एका विक्रेत्याने मला यूव्हीचा म्हणून सूर्यफुलाचा फोटो पाठवला होता. पानं पांढरीफटक, पाकळ्या बुडापासून टोकापर्यंत एकसारख्या उजळ! खऱ्या यूव्हीत पानं काळपट येतात, पाकळ्यांची टोकं उजळ आणि बुडं गडद दिसतात. म्हणजे हा सरळसरळ इन्फ्रारेड, त्यातच पानं अशी पांढरी येतात. झेडडब्ल्यूबी२ किंवा यूजी११ हा यूव्ही जाऊ देणारा फिल्टर एकटा लावला की इन्फ्रारेड गळणारच. सोबत एस८६१२ सारखी इन्फ्रारेड अडवणारी काच लागते. कोणता फिल्टर लावला होता म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "सर, कॅमेरा आमचा, फिल्टरचं तुमचं तुम्ही बघा." तिथेच विषय सोडला.