विषय: तीन पोरं आणि व्हिजिट व्हिसा (आखातातल्या मराठी मंडळाची ईमेल लिस्ट)

प्रेषक: उद्यमनगरकर (अबू धाबी, सध्या सुट्टीवर कोल्हापुरात)

मंडळी, नमस्कार.

सुट्टीवर आलोय, पण चैन नाही. भाच्याचे तीन मित्र आहेत, गडहिंग्लज तालुक्यातले. दोघे फिटर, एक वेल्डर, तिघांचंही आयटीआय झालंय. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कंत्राटावर आहेत. खोलीभाडं आणि मेस गेली की पगारातलं फारसं उरत नाही. आता स्टँडजवळच्या एका ऑफिसातल्या 'साहेबां'नी त्यांना दुबईचं काम लावून देतो म्हटलंय. माणशी 1 लाख 20 हजार. निम्मे आत्ता, निम्मे तिकीट हातात आल्यावर. जायचं व्हिजिट व्हिसावर, "तिथं पोचलं की कंपनी व्हिसा बदलून घेते." कंपनीचं नाव विचारलं तर तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

मला वास येतोय, पण मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला, कायद्यातलं नेमकं कळत नाही. नुसतं "जाऊ नका रे" म्हटलं तर म्हणणार, तुम्ही गेलात तेव्हा कुणाला विचारलंत? कुणीतरी नीट सांगा.

*

प्रेषक: बर दुबईकर काका

बाळा, वास बरोबर येतोय. माझा जन्म माणसं भरती करण्यात गेला, म्हणून सांगतो.

व्हिजिट व्हिसावर काम करणं इथं बेकायदा. 2024 च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय माणूस कामाला लावणाऱ्या मालकाला 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड आहे. मग तपासणी आली की मालक पहिलं काय म्हणतो? "हा माणूस माझा नाहीच." आणि व्हिसाची मुदत संपली की दिवसाला 50 दिरहम पोराच्या नावावर चढत जातात.

आता पैशाचं. परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स असलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी साइटवर असते. तिथं नाव शोध, ऑफिसच्या भिंतीवरची फ्रेम बघू नकोस. लायसन्सवाल्यालाही 30 हजार अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 च्या वर घेता येत नाहीत, आणि पावती द्यावी लागते. इकडचा, म्हणजे अमिरातीचा, 2021 चा कामगार कायदा तर सांगतो की भरतीचा खर्च मालकाचा, कामगाराकडून तो घ्यायचाच नाही. तेव्हा 1 लाख 20 हजार हा आकडा ना तिकडच्या कायद्यात बसतो, ना इकडच्या.

पोरं दहावी पास असणार. म्हणजे पासपोर्टवर ईसीआर, 'परदेशी कामाला जायला सरकारची परवानगी हवी' हा शेरा, नसणार, आणि खरी गोम इथंच आहे. 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे ईसीआरवाल्याला ठरावीक 18 देशांत नोकरीला जायच्या आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. करार तपासला जातो, 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा उतरवावा लागतो (दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये अधिक कर, एवढासा). दहावी झालेल्याला यातलं काही सक्तीचं नाही. शिकलेला माणूस आपलं आपण बघून घेईल, असा सरकारचा हिशेब. मी बघितलंय ते उलटं. आयटीआयवाला जास्त अडकतो, कारण त्याचा कागद वाटेत कुणी उघडूनच बघत नाही.

खरी कंपनी असेल तर आधी ऑफर लेटर येतं. इथल्या कामगार खात्याचं ते पत्र अरबी-इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळतं. मराठीत नाही, पण हिंदी वाचता येतं ना? त्या पत्रावर सही झाल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

*

प्रेषक: खजिनदार

सर्वांना विनंती. आपली नोंदणी सांस्कृतिक कामापुरती आहे. व्हिसा-एजंटच्या भानगडीत मंडळाचं नाव आलं तर उद्या उत्तरं मलाच द्यावी लागतील. ज्याने त्याने वैयक्तिक मदत जरूर करावी, पण लिस्टवर ही चर्चा नको. गणपतीच्या हॉलचे पैसे अजून अकरा कुटुंबांकडून यायचे आहेत, त्याकडे लक्ष द्यावे.

*

प्रेषक: इचलकरंजीची ताई (दोहा)

खजिनदार काका, हॉलचे पैसे मी पाठवलेत. आता दोन शब्द बोलू द्या.

काकांनी सांगितलेली गोम आम्हा नर्सनाही लागू होती. आमच्याकडेही ईसीआर नसायचं. कुवेतच्या भरतीत केरळच्या मुलींकडून लाखांनी पैसे उकळल्याची प्रकरणं बाहेर आली, आणि 2015 पासून पासपोर्ट कसलाही असो, नर्सला त्या 18 देशांत जायला परवानगी सक्तीची झाली. म्हणजे हे भोक बुजवता येतं. फिटर-वेल्डरसाठी कुणी तेवढं ओरडलं नाही, एवढंच.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणून जे काही चालतं त्याला मी नावं ठेवणार नाही. पण बघा, 18 डिसेंबर 1990 ला संयुक्त राष्ट्रांनी स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा करार संमत केला. त्याला आखातातल्या एकाही देशाची मंजुरी नाही, आणि माणसं पाठवणाऱ्या आपल्या देशाचीही नाही! 2018 मध्ये माराकेशला सुरक्षित स्थलांतराचा जागतिक करार झाला, त्याच्या बाजूने भारताने मत दिलं, पण तो कुणावर बंधनकारक नाही. अबू धाबी डायलॉगमध्ये पाठवणारे आणि घेणारे देश 2008 पासून चर्चेला एकत्र बसतात.

बदल होतच नाही असंही नाही. कतारमध्ये 2020 ला नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागायची बंद झाली, 2021 पासून किमान पगार 1000 रियाल ठरला. वर्ल्ड कप होता, सगळ्या जगाचं लक्ष होतं. पण आमच्या वॉर्डात येणारी पोरं सांगतात, पहिल्या वर्षाचा पगार एजंटासाठी काढलेलं कर्ज फेडण्यातच जातो. कतारचा कायदा कोल्हापूरच्या स्टँडपर्यंत कसा पोचणार? तिथं तुम्हीच लागता.

*

प्रेषक: आजऱ्याकडचा (मुसाफा)

मी लिस्टवर लिहीत नाही, नुसता वाचतो. अबू धाबीच्या मुसाफा औद्योगिक भागात आठ जणांच्या खोलीत राहतो. चुकलं तर समजून घ्या.

मी 2019 ला असाच व्हिजिटवर आलतो. आईचं गंठण पतसंस्थेत ठेवून 90 हजार भरलं. आमच्याकडं ऊसतोडीला बीडकडनं टोळ्या येत्यात. मुकादम कोयत्याला, म्हंजे नवरा-बायकोच्या जोडीला, आगाऊ उचल देतो, ती फिटेस्तोवर त्यांना हलता येत नाही. लहानपणी वाटायचं, काय ही माणसं, पैशापायी स्वतःला बांधून घेत्यात. त्यांना निदान उचल हातात तरी मिळते. मी तर पदरचं भरून बांधून घेतलं.

आल्या दिवशी पासपोर्ट ऑफिसात जमा. असा पासपोर्ट ठेवून घेणं कायद्यात बसत नाही हे मला तीन वर्सांनी कळलं, तेबी एका मल्याळी माणसाकडनं. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवायचं असतं, तेबी त्यानंच सांगितलं. त्यांच्या मंडळात असलं बोलत्यात म्हणं. खजिनदार साहेब, राग मानू नका, आपल्या लिस्टवर मला नाटकाचं तिकीट कितीला तेवढं कळतं.

*

प्रेषक: खजिनदार

राग नाही. काकांनी एक पान लिहून द्यावं, सोप्या मराठीत. मंडळाचं नाव नको, माझं घाला. गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या आयटीआयमध्ये माझ्या ओळखीचे मास्तर आहेत, त्यांना मी फोन करतो.

*

प्रेषक: उद्यमनगरकर

काल तिघांना घेऊन त्या ऑफिसात गेलो. चहा आला. लायसन्स नंबर विचारला तर साहेब हसले, "तुम्ही तिकडं राहता, इथं कसं चालतं तुम्हाला ठाऊक नाही." ऑफर लेटर मागितलं तर मोबाइलवर कुठल्याशा इमारतीचा फोटो दाखवला. ई-मायग्रेटवर ते नाव नाही.

दोन फिटर मागं फिरले. वेल्डरने मात्र 60 हजार आधीच भरलेत, तेही गायी विकून. पैसे परत मागितले तर आवाज चढला. पोलिसात जाऊ म्हटलं, तर बाप म्हणतो, तक्रार केली की पैसेही गेले आणि व्हिसाही गेला. पोरगा शनिवारी रात्री मुंबईहून निघतोय. माझं ऐकलं नाही. त्याला दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर, 800 46342, पासपोर्टच्या कव्हरमध्ये लिहून दिलाय. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो माझ्या मोबाइलवर घेतलेत. रविवारी पहाटे दुबई विमानतळावर त्याला कुणी भेटू शकेल का? न्यायला कोण येणार, त्याचं नाव त्यालाही माहीत नाही.

*

प्रेषक: आजऱ्याकडचा (मुसाफा)

रविवारी सुट्टी हाय. शनिवारी रात्रीच बसनं जाऊन थांबतो. त्याचा फोटो पाठवा. आणि निघायच्या आधी सांगून ठेवा, पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही. मी मागितला तरी नाही.